आधी कंबर, मग हात

"बाई, हा तर फुलटॉस आहे!"

बेसबॉलच्या पहिल्या तासाला कुठलातरी पोरगा हे म्हणतोच. परळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली, त्यातली निम्म्याहून जास्त सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे संघ उभे करण्यात गेली, आणि दर जूनला हे वाक्य नव्या तोंडून ऐकलं. टप्पा न पडता येणारा चेंडू दिसला की मुंबईच्या पोराला वाटतं लॉटरी लागली. तो जीव खाऊन बॅट फिरवतो आणि चेंडू मागे कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसतो. मग दुसरा, मग तिसरा. तीन स्ट्राइक झाले की आउट. त्या वेळचं त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

पोराची चूक नसते. शिवाजी पार्कच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवण मुरलेली आहे: बॅट सरळ, पुढचं कोपर वर, चेंडू जमिनीवर. क्रिकेटमध्ये ते शहाणपणच आहे. खुद्द ब्रॅडमनने ५२ कसोटींत मोजून ६ षटकार मारले. १९३२ साली न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो अमेरिकन बेसबॉलचा दादा बेब रूथ याला भेटला. रूथच्या नावावर कारकिर्दीअखेर ७१४ होमरन (बेसबॉलचे षटकारच म्हणा) लागले. दोघंही बॅटचेच राजे, पण बेसबॉलमध्ये जमिनीवरून सरपटत गेलेला चेंडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) उचलतो, तुम्ही जिथे पळत निघालात त्या पहिल्या बेसला फेकतो आणि तुम्ही अर्ध्या वाटेत आउट. इथे चेंडू अडवून काही मिळत नाही. मारायलाच लागतं, आणि हवेतून मारायला लागतं.

म्हणून मी पोरांना क्रिकेट विसरा म्हणत नाही (विसरणार आहेत थोडेच!), विटीदांडू आठवा म्हणते. हवेतल्या विटीला जो आडवा टोला बसतो, त्याची जात बेसबॉलच्या स्विंगची, म्हणजे बॅट फिरवण्याची. हल्लीच्या पोरांनी विटी पाहिलेलीही नसते, तेव्हा मुळापासून सांगावं लागतं. इथे तेच लिहिते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच बीकेसीत ऑलिंपिक समितीची बैठक झाली, तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल एकाच दमात मंजूर झाले. तेव्हापासून पालकही विचारायला लागलेत, म्हणून हा खटाटोप.

बॅटीबद्दल थोडक्यात. शाळकरी पोरांना ॲल्युमिनियमची द्या, धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत विचारा. डाव्या हाताने मुठीपाशी धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणा आणि वीस आकडे मोजा. टोक खाली झुकायला लागलं तर बॅट जड आहे. थोरल्या भावाची बॅट वापरणाऱ्याचा स्विंगही थोरल्या भावाकडून उसना घेतल्यासारखा दिसतो. दुसरं, क्रिकेटची बॅट रुंदीला सव्वाचार इंचांपर्यंत असते आणि सपाट असते. बेसबॉलची जाडीला जास्तीत जास्त २.६१ इंच, आणि तीही गोल. गोलावर गोल आपटायचा आहे. चेंडूच्या मध्यापासून बोटभरही सरकलात तर तो एकतर पायाशी आपटेल नाहीतर डोक्यावर चढेल.

पकडीत आपल्याकडच्या पोरांचा एक गोंधळ नेहमीचा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्रिकेटमधला 'टॉप हँड' डावा असतो, कारण बॅट खाली लटकते. बेसबॉलमध्ये बॅट वर उभी असते, त्यामुळे डावा हात मुठीच्या गाठीशी खाली जातो आणि 'टॉप हँड' होतो उजवा. हातांच्या जागा बदलत नाहीत, नावं तेवढी उलटी होतात. यूट्यूबवरचा अमेरिकन कोच टॉप हँडबद्दल बोलतो आणि आमचा पोरगा भलत्याच हाताला शिस्त लावत बसतो. (डावखुऱ्यांनी इथून पुढे सगळंच उलटं वाचावं.)

बॅट तळव्यात खोल रुतवायची नाही, भरलेल्या बादलीची कडी धरतो तशी बोटांत धरायची. दारावर टकटक करताना जी पेरं दाराला लागतात, ती दोन्ही हातांची पेरं जवळपास एका रेषेत आली पाहिजेत. पेरं पांढरी पडली असतील तर पकड फार घट्ट आहे. घट्ट पकडीत मनगट आखडतं, आणि आखडलेलं मनगट ऐन वेळी सुटत नाही.

उभं कसं राहायचं हे मी पोरींना लोकलच्या उदाहरणाने शिकवलं. दादर ते कुर्ला लेडीज डब्यात कडी न धरता उभं राहून बघा. गाडी रूळ बदलते तेव्हा पाय आपोआप खांद्यांपेक्षा जरा जास्त फाकतात, गुडघे सैल होतात, वजन टाचांवरून चवड्यांवर येतं. झाला स्टान्स. प्लेटपासून (ज्या पांढऱ्या पाटावरून चेंडू जायला हवा, त्यापासून) अंतर मोजायचं तर कमरेत थोडं वाकून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकवा. प्लेट १७ इंच रुंद असते, टोक पोचलं की तुम्ही योग्य जागी आहात. हनुवटी पुढच्या खांद्याजवळ, आणि दोन्ही डोळे पिचरकडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे. एकाच डोळ्याने बघणारे बरेच असतात, त्यांना नाक मध्ये येतंय हे सांगावं लागतं.

आता खरं काम.

पिचरचा हात मागे जातो तेव्हा तुम्हीही मागे जायचं. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित आत, हात मागच्या खांद्याशी. लगेच पुढचं पाऊल पिचरच्या दिशेने पडतं. किती उचलायचं यावर वाद घालू नका. जपानचा सादाहारू ओह बगळ्यासारखा एका पायावर उभा राहायचा आणि त्याने ८६८ होमरन मारले. शोहेई ओहतानीने २०१८ मध्ये अमेरिकेत आल्या आल्या पाय उचलणं सोडून नुसती टाच उचलायला सुरुवात केली, आणि २०२४ च्या एका मोसमात त्याने ५४ मारले. पाय कसा उचलता यापेक्षा तो कसा पडतो ते महत्त्वाचं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री झोपलेल्यांच्या मधून वाट काढताना पाऊल टाकतो, तसं ते पडलं पाहिजे: आधी चवडा, हळूच, वजन अजून मागेच. धप्पकन पडलं की डोकं पुढे जातं. डोकं पुढे गेलं की डोळ्यांना चेंडू आहे त्याहून वेगात आल्यासारखा वाटतो.

आणि पाऊल पडताना हात पुढे येता कामा नयेत. पाय पुढे, हात मागे. ओलं लुगडं पिळताना दोघी दोन टोकांना उलट्या दिशेने पीळ देतात ना, तसा पीळ कंबर आणि खांदे यांच्यामध्ये पडतो. सगळी ताकद त्या पिळात असते. दंडात नसते. आमच्या शाळेतली सगळ्यात लांब मारणारी मुलगी आठवीतली, चाळीस किलोच्या आतली होती, आणि जिममध्ये जाणारे दहावीतले दोघं तिच्या निम्म्यापर्यंत मारायचे.

पुढची टाच टेकली की कंबर सुटते. आधी कंबर, मग छाती, मग हात, शेवटी बॅट. हा क्रम म्हणजेच स्विंग, बाकीचं सगळं त्याच्या सोयीसाठी आहे. पटत नसेल तर महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहून खाली धोबी घाटाकडे बघा. एखादा जुना धोबी कपडा दगडावर आपटताना हाताने आपटत नाही. त्याचे पाय रोवलेले असतात, कंबर वळते, खांदा तिच्या मागून येतो, हात खांद्याच्या मागून, आणि कपड्याचं टोक सगळ्यात शेवटी, सगळ्यात जोरात. दिवसभर तो हे करू शकतो ते म्हणूनच. नुसत्या हाताने केलं तर तासाभरात खांदा धरेल. त्याचा फटका वरून खाली येतो, आपला आडवा जातो, हा फरक आहे. क्रम मात्र तोच. जड भाग आधी हलतो आणि थांबता थांबता आपला वेग पुढच्या हलक्या भागाला देऊन टाकतो.

थांबणं हे विसरू नका. पुढचा पाय टेकल्यावर गुडघा ताठ होत जातो आणि अंगाला ब्रेक लागतो. ड्रायव्हरने बसचा ब्रेक दाबला की बस थांबते, पण उभे असलेले सगळे पुढे फेकले जातात. इथे पुढचा पाय म्हणजे ब्रेक, आणि फेकले जाणारे म्हणजे हात आणि बॅट. पुढचा गुडघा वाकलेलाच राहिला तर ताकद जमिनीत झिरपून जाते. मागच्या पायाची टाच मात्र उचलली जाते आणि बेंबी पिचरकडे बघायला लागते. टाच मुद्दाम उचलायची नाही, कंबर वळली की तीच उचलली जाते. काही जण पाय जमिनीवर घासून सिगारेट विझवल्यासारखं करतात. ते नाटक झालं.

क्रम जमला की नाही हे तपासायला पैसे लागत नाहीत. बाथरूममधला पंचा ओला करा, एका टोकाला गाठ मारा, दुसरं टोक दोन्ही हातांत धरा आणि स्विंग करा. फट्‌ असा आवाज येईल. तो कुठे आला ते ऐका. मागच्या खांद्याजवळ आला तर हात आधी निघाले. पुढच्या पायाच्या समोर आला तर कंबर आधी निघाली. पोरं पहिल्या दिवशी पंच्याने एकमेकांना झोडपतात, ते गृहीत धरा. दुसऱ्या दिवसापासून कान लावतात.

हात निघतात तेव्हा मागचं कोपर बरगडीजवळ खाली येतं आणि बॅट आडवी होते. क्रिकेटवाल्यांचं नेमकं इथे अडतं. त्यांचं पुढचं कोपर वर चढलेलं, बॅट उभी, चेंडूकडे बघण्याची तऱ्हाही उभी. त्यांना मी एवढंच सांगते: बॅटची मूठ आधी चेंडूकडे पाठवा, जाड टोक मागून येईल. याची उलट चूक म्हणजे हात सुरुवातीलाच लांब करणं, कोळी पाग टाकतो तसं. मासे मिळतील कदाचित, चेंडू मिळणार नाही, कारण लांब हातांनी काढलेलं वर्तुळ मोठं होतं आणि बॅट पोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो. यावर गच्चीतला उपाय आहे. दोरीवर चादर वाळत घाला, बेंबीला मूठ लावून टोक चादरीला टेकेल एवढ्या अंतरावर तिच्याकडे तोंड करून उभं राहा, आणि चादरीला न लागता स्विंग करा. भिंतीसमोरही करता येतं, पण चादर परवडते. बॅटपेक्षाही सोसायटीचे सेक्रेटरी जास्त वाजतात.

आता बॅटची वाट. यावर मी जरा जास्त बोलते, कारण माझे दोन हंगाम यात फुकट गेले. मी सॉफ्टबॉल खेळत असताना आमच्या एका प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, लाकडं फोडतेस तशी वरून खाली मार. तेव्हा सगळेच तसं सांगायचे. मी आज्ञाधारक. दोन वर्षं माझा जवळजवळ प्रत्येक फटका जमिनीवर गेला, आणि मी हळू धावते म्हणून बोलणी खाल्ली. धावण्यात खोट नव्हती.

बेसबॉलचा पिचर दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून फेकतो, चेंडू त्याच्या खांद्याच्या उंचीवरून सुटतो आणि तुमच्या मांडीपर्यंत उतरतो. म्हणजे तो थोडा वरून खाली येतोय. तुम्हीही वरून खाली आलात तर दोन वाटा टिळक पुलासारख्या ओलांडतात: पूल वरून, रूळ खालून, गाठ एकाच जागी. वेळ केसभर चुकली की संपलं. तेच बॅट किंचित खालून वर गेली, तर ती चेंडूच्याच रुळावर समोरून येणारी गाडी झाली. थोडं लवकर, थोडं उशिरा, कुठेही टक्कर होणारच. टेड विल्यम्स हे आयुष्यभर कंठशोष करून सांगत होता. १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीने (म्हणजे हजारामागे ४०६ यशस्वी फटके) मोसम संपवणारा अमेरिकन माणूस, आणि त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये, म्हणजे तिथल्या दोन अव्वल लीगमध्ये, कुणालाही .४०० गाठता आलेलं नाही.

किंचित म्हणजे किंचितच. हाताने उचलायचं नाही. मागचा खांदा थोडा खाली, छाती थोडी मागे कललेली, एवढ्याने बॅट आपोआप वर जाते. पोरांना 'वर' म्हटलं की ती छत फोडायला निघतात, मग चेंडू सरळ आकाशात आणि कॅचरच्या हातात. चेंडू बॅटवरून ८ ते ३२ अंशांच्या कोनात निघाला तर बरं, असा अमेरिकेतल्या मोजमापवाल्यांचा हिशेब आहे. पोराला अंश कळत नाहीत. मी म्हणते, शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून मार.

टक्कर होते तेव्हा उजवा तळहात वर, प्रसाद घेताना असतो तसा. डावा खाली, पातेल्यावर झाकण ठेवताना असतो तसा. मनगटं वळायची ती चेंडू गेल्यानंतर. चेंडू खाली ठेवण्यासाठी मनगट फिरवायची क्रिकेटची सवय इथे घातक आहे. चेंडू आणि बॅट एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते, त्यात मनगट वळवून काही साधत नाही, फक्त आधी वळवल्याने बिघडतं. आणि बॅटच्या टोकापासून पाच ते सात इंच आत जी जागा असते, तिथे लागला की हाताला काही जाणवतच नाही. आपली पोरं 'मिडल झाला' म्हणतात, तोच. दुसरीकडे लागला की हातभर झिणझिण्या.

कुठे गाठायचा? क्रिकेटमध्ये चेंडू डोळ्यांखाली येऊ द्यायचा, उशिरा खेळायचं. इथे मधोमध आलेला चेंडू पुढच्या पायासमोर गाठायचा, अंगाजवळचा त्याहून पुढे, आणि बाहेरचा थोडा आत येऊ देऊन. वरच्या दर्जाचा पिचर ताशी १४५ किलोमीटरने फेकतो, तो चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो, आणि स्विंगलाच त्यातले ०.१५ सेकंद लागतात. ठरवायला उरलं किती ते तुम्हीच बघा. शाळेतल्या पिचरकडे तेवढा वेग नसतो, वेळ जास्त मिळतो. पण पोरं त्या जादा वेळात विचार करत बसतात आणि उशीर करतात तो करतातच. म्हणून माझा नियम आहे: प्रत्येक चेंडू मारायचाच आहे असं धरून पाऊल टाका, आणि वाईट असेल तर हात थांबवा. आधी ठरवून मग निघालात तर गाडी चुकलीच.

शेवटच्या काही फुटांत वेगवान चेंडू डोळ्याला पकडता येत नाही. तरीही डोकं खाली, बॅटवरच ठेवायचं. 'कुठे गेला' हे बघायला मान उचलली की खांदा उचलला जातो आणि बॅट चेंडूच्या वरून निघून जाते.

सरावासाठी टी, म्हणजे चेंडू ठेवायचा खांब, बनवा. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून पीव्हीसीचा पाइप उभा करा, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा म्हणजे चेंडू बसेल आणि बॅटला धक्का लागणार नाही. टी म्हणजे बालवाडी, असं पोरांना वाटतं. व्यावसायिक खेळाडूही रोज टीवर मारतात हे सांगितलं की तोंडं बंद होतात. टेनिसचा चेंडू चालेल. पाच-पाचच्या पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत टीची जागा बदला: पुढे, मध्ये, आत. पावसाळ्यात शिवाजी पार्कचा चिखल झाला की मोज्यात चेंडू घालून गच्चीच्या पत्र्याखाली टांगा. हे क्रिकेटवाल्यांकडूनच घेतलंय, उपकार मानते. फक्त त्याला थांबू द्या आणि मग मारा. झुलत्या चेंडूला मारलं की वेळ साधण्याऐवजी मनगटाने हुकवायची सवय लागते. फिरवणाऱ्यापासून बाकीच्यांनी चार-पाच मीटर लांब उभं राहायचं, यात माझी कधीच सवलत नसते.

चेंडू काय सांगतो तेही ऐका. सगळे डावीकडे जमिनीवर जात असतील तर मनगट लवकर वळतंय. सगळे आकाशात जात असतील तर मागचा खांदा फार पडतोय. सगळे उजवीकडे फाउल (रेषेबाहेर) जात असतील तर उशीर होतोय, पाऊल आधी टाका. आणि काहीच लागत नसेल तर आधी पाय बघा. दहातल्या आठ वेळा खोट पायात निघते, आणि पोरं हाताकडे बघत बसतात.

फटका संपल्यावर दोन्ही हात पुढे लांब होतात आणि बॅट खांद्यावरून मागे जाते. त्यात शिकवण्यासारखं फारसं नाही. आधीचं बरोबर असेल तर तेही बरोबर होतं.

मग बॅट टाकायची. भिरकवायची नाही, बाजूला ठेवून द्यायची, आणि पळायचं. आंतरशालेय सामन्यात माझ्या एका पोराने आयुष्यातला पहिला चेंडू स्वच्छ मारला, उजव्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून. दुसरा बेस सहज मिळाला असता. तो बॅट घेऊन पळाला, पहिल्या बेसजवळ वाकला, बॅटचं टोक बेसला टेकवलं, वळला आणि दुसऱ्या धावेसाठी परत माझ्याकडे पळत आला.